साखरपुड्याआधी त्याला सांगायचं की नाही?

प्रश्न : ताई, माझं वय २९. घर सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना माझी झोप एकाएकी उडाली. दोन-तीन तास झोपले तरी अंगात नुसती रग असायची. रात्री-अपरात्री मैत्रिणींना फोन करायचे, फीसाठी ठेवलेले पैसे चार दिवसांत संपवले, सरांशी कडाक्याचं भांडले. घरच्यांनी आधी देवऋष्याकडे नेलं. पुढे काही महिने सगळं उलटं झालं. अंथरुणातून उठवेना, जगूच नये असं वाटायचं. मग डॉक्टरांकडे नेलं आणि बायपोलर डिसऑर्डर असल्याचं कळलं. तेव्हापासून लिथियम चालू आहे. मधे एकदा त्रास झाला, पण गेली चार वर्षं मी व्यवस्थित आहे, नोकरी नीट चालली आहे.

दीड वर्षापूर्वी ऑफिसमधल्या एका मुलाशी ओळख झाली आणि आमचं जमलं. दोन्ही घरं भेटली, पसंतीही झाली. दिवाळीनंतर साखरपुडा आणि मे महिन्यात लग्न असं चाललंय. त्याला माझ्या आजाराची काहीच कल्पना नाही. एकदा त्याने पर्समधली गोळी बघितली, तेव्हा थायरॉईडची आहे असं सांगून मी विषय बदलला. आई म्हणते, "जुळलेलं कशाला मोडतेस? लग्न होऊ दे, एखादं मूल होऊ दे, मग हळूच सांगू." मावशीचं म्हणणं, सांगायचंच नाही. मला हे पटत नाही, पण तो सोडून जाईल ही भीतीही जात नाही. त्याला सांगू का? सांगायचं तर कसं आणि किती? आणि त्याच्या घरच्यांना कोणी सांगायचं? कृपया नाव छापू नये.
एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात मला काहीच शंका नाही. सांग. साखरपुड्याची तारीख पक्की व्हायच्या आत सांग, आणि ते तुझ्याच तोंडून त्याला कळू दे.

प्रामाणिकपणा, विश्वास हे सगळं खरंच आहे, पण क्षणभर ते बाजूला ठेव आणि नुसतं तुझ्या औषधाकडे बघ. लिथियम हे लपवून घेण्यासारखं औषधच नाही. ते रक्तात किती असावं याच्या मर्यादा फार अरुंद असतात. लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल. कमी पडलं तर उपयोग नाही, वाढलं तर विषबाधा. म्हणून तू ठरावीक महिन्यांनी, गोळीनंतर बारा तासांनी रक्त देतेस, सोबत मूत्रपिंड आणि थायरॉईडही तपासतात. अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब-उलट्या झाल्या, की ही पातळी वर जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या घरोघरच्या औषधांच्या डब्यात असणाऱ्या दुखीच्या गोळ्यांनीही जाते. आता सासरची पहिली हरतालिका डोळ्यांसमोर आण. सासूबाई मोठ्या हौसेने तुझ्यासाठी पूजा मांडतील आणि घरातल्या सगळ्या बायकांबरोबर तुझाही निर्जळी उपवास धरतील. तू काय सांगशील? कंबर धरली म्हणून नवरा प्रेमाने डायक्लोफिनॅक आणून देईल, तेव्हा काय सांगशील? दर वेळी नवं खोटं रचावं लागेल, आणि एखाद्या वेळी ते सुचणार नाही म्हणून तू गपचूप गोळी गिळशील किंवा पाणी टाळशील.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. लग्नानंतरचे पहिले दिवस, पाहुण्यांनी भरलेलं घर, स्वतःचं कपाट नाही, खोलीचं दार धड लागत नाही. अशात गोळी राहते. एक दिवस राहते, मग चार दिवस राहते, मग "आता मी आनंदात आहे, कशाला हवी" असंही वाटायला लागतं. लिथियम एकाएकी बंद केलं की आजार उलटण्याचा धोका चांगलाच वाढतो, आणि तो बऱ्याचदा उन्मादाच्या, म्हणजे प्रमाणाबाहेरच्या उत्साहाच्या, टोकाला उलटतो. तसं झालं तर तुझा आजार त्याला कळेल तो तुझ्या सगळ्यात वाईट दिवशी, तू स्वतः नीट सांगू शकत नसताना, सगळं घर भोवती उभं असताना. आणि त्याच घटकेला त्याला हेही कळेल की तुझ्या माहेरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. आजारापेक्षा ही दुसरी गोष्ट पचवणं त्याला जड जाईल.

तुझ्या आईवर मला रागावता येत नाही. ज्या बाईने पोरीला अंथरुणातून उठवण्यासाठी महिने घालवले असतील, गावात कोणाला कळू नये म्हणून दार लावून रडली असेल, तिला आता मुलीचा संसार सुरळीत दिसतोय. तिला तो हातचा जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडे भांडणात सहज "याला येरवड्याला पाठवा" म्हणतात आणि ऐकणारे हसतात. तिची भीती त्या हसण्याची आहे, आणि ती खोटी नाही. पण तिचा सल्ला एका जागी फार धोक्याचा आहे, तो म्हणजे "एखादं मूल होऊ दे". बायपोलर असलेल्या बाईसाठी बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा आजार उलटण्याचा सगळ्यात नाजूक काळ असतो. शिवाय गरोदरपणाचा विचार आधीपासून डॉक्टरांबरोबर करावा लागतो. लिथियमने पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयात दोष राहण्याची शक्यता थोडी वाढते, व्हॅल्प्रोएटसारखं दुसरं औषध तर गर्भाला त्याहून बरंच घातक ठरू शकतं. कोणती गोळी, किती डोस, चालू ठेवायची की बदलायची, हे मूल हवं असं ठरवायच्या आधी तिघांनी बसून ठरवायचं असतं. तिघं म्हणजे तू, तो आणि तुझे डॉक्टर. ज्याला काही माहीतच नाही तो तिथे कसा बसेल? असंख्य बायका बायपोलर असताना सुखरूप आई होतात, पण त्या ठरवून होतात. हे तुझ्या आईला तुझ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. तुझ्याशी ती वाद घालेल, त्यांचं ऐकून घेईल.

मावशींसाठी कायद्याचं एक सांगते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे, जोडीदाराविषयीची महत्त्वाची गोष्ट फसवून दडवली आणि त्यावर लग्नाची संमती मिळवली, तर ती फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत लग्न रद्द करून मागता येतं. आजार लपवल्याचे खटले याच कलमाखाली उभे राहतात. याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, म्हणून तीही लिहिते. आजाराचं नुसतं नाव घटस्फोटाला पुरत नाही. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे. तिथे तर स्किझोफ्रेनियाचा प्रश्न होता. तो आजार किती तीव्र आहे, त्यामुळे एकत्र राहणं खरोखरच अशक्य झालंय का, हे बघावं लागतं. म्हणजे आजारी असल्याने कायदा तुला कमी लेखत नाही. लपवणं मात्र अंगाशी येऊ शकतं.

आता कसं सांगायचं ते.

दिवस असा निवड की आदल्या रात्री तुझी झोप पूर्ण झाली आहे. भांडणात नको, त्याची डेडलाईन असेल त्या आठवड्यात नको, रात्री अकरानंतर फोनवर तर मुळीच नको. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहून पाठवायचा मोह होईल, कारण त्यात त्याचा चेहरा बघावा लागत नाही. तो मोह आवर. पण "रविवारी तुझ्याशी एका महत्त्वाच्या गोष्टीवर बोलायचंय, दोन तास मोकळे ठेव, घाबरण्यासारखं काही नाही" एवढा निरोप आधी देऊन ठेवायला हरकत नाही. कॅफेत नको, शेजारच्या टेबलाला कान असतात. तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर सकाळी चालायला जाता येईल. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत सतत बघावं लागत नाही आणि अवघड बोलणं सोपं जातं, असं मला कायम वाटत आलंय.

शब्दांची तू फार धास्ती घेतली आहेस, म्हणून साधारण कसं बोलता येईल ते लिहून देते. तुझ्या भाषेत फिरवून घे.

"लग्नाआधी तुला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट आहे. मला बायपोलर डिसऑर्डर नावाचा आजार आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कळलं. यात कधी मन प्रमाणाबाहेर उत्साहात जातं, झोप उडते, पैशाचं आणि बोलण्याचं भान राहत नाही. कधी याच्या उलट, महिनोन्महिने उदास वाटतं. मी रोज लिथियम घेते, वेळच्या वेळी रक्त तपासते. गेली चार वर्षं मी बरी आहे. पुन्हा कधीच त्रास होणार नाही असं मी म्हणू शकत नाही. तू गोळी बघितलीस तेव्हा मी थायरॉईडची म्हणाले, ते खोटं होतं. मी घाबरले होते, त्याबद्दल मला वाईट वाटतं. तुला आज काहीच ठरवायचं नाहीये. जे विचारावंसं वाटेल ते विचार."

दोन मिनिटांत संपतं हे. घरी मोठ्याने एक-दोनदा म्हणून बघ, म्हणजे ऐन वेळी घसा दाटला तरी वाक्यं सापडतील. माफी त्या थायरॉईडच्या खोट्यापुरतीच माग. आजार असल्याबद्दल मागू नकोस, तो तू केलेला गुन्हा नाही. आणि बोलून झालं की गप्प बस. तो गप्प झाला की तुझ्या पोटात गोळा येईल आणि तूच म्हणून जाशील, "तुला नको असेल तर मी समजू शकते, तू मोकळा आहेस." हे वाक्य बोलू नकोस. ऐकायला उदार वाटतं, पण त्याने विचार करायच्या आत तू त्याच्या हातात नकार ठेवतेस. त्याला गप्प राहू दे. त्याच्या डोक्यात त्या वेळी दीड वर्षाच्या आठवणी उलटसुलट होत असतील.

आणखी एक. "डायबिटीससारखाच असतो हा आजार, गोळी घेतली की झालं" असं समजावायची पद्धत आहे. डॉक्टरही धीर द्यायला म्हणतात. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याशी बोलताना मी ते वाक्य टाळीन. रोज औषध लागतं एवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण साखर वाढली म्हणून माणूस रात्री तीन वाजता क्रेडिट कार्डवर लाखभराची खरेदी करत नाही किंवा जवळच्या माणसाला वाटेल ते बोलत नाही. उद्या तसं काही घडलं तर त्याला वाटेल की तू त्याला अर्धंच सांगितलंस. आजार जसा आहे तसाच सांग, मोठा नको आणि छोटाही नको.

किती सांगायचं, हा तुझा दुसरा प्रश्न. पहिल्या दिवशी आजाराचं नाव, तो कसा वागवतो, औषध आणि सध्याची तब्येत, एवढं पुरे. फीचे पैसे, सरांशी भांडण, देवऋषी, या सगळ्या कहाण्या त्याच दिवशी ओतायची गरज नाही. त्या पुढच्या भेटींत निघतील. पण जगू नये असं वाटायचं, हे साखरपुड्याआधी त्याच्या कानावर असायला हवं. ते पुन्हा कधी वाटलं तर सगळ्यात आधी त्याला कळलं पाहिजे म्हणून. तसं काही डोक्यात आलं आणि डॉक्टर लगेच मिळाले नाहीत, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही चालतो. तुम्ही दोघंही तो फोनमध्ये ठेवा.

तो प्रश्न विचारेल, काही टोचणारेही असतील. आजार पूर्ण जातो का? जात नाही, पण औषधाने आणि नीट झोपेने बहुतेक लोक वर्षानुवर्षं चांगले राहतात. गोळ्या जन्मभर का? बहुधा बरीच वर्षं, आणि थांबवायच्या की नाही ते फक्त डॉक्टर ठरवणार. मुलांना होईल का? सर्वसाधारण लोकांत शंभरात एक-दोघांना होतो, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे धोका वाढतो हे खरं, आणि अशा शंभरातल्या नव्वदेक मुलांना होत नाही हेही खरं. दोन्ही सांग.

आणि कदाचित तो हे विचारेल : "मग मी ज्या मुलीच्या प्रेमात पडलो ती खरी कुठली? ते तुझं हसणं, तो उत्साह, तो आजार होता का?" या प्रश्नाने तुला फार लागेल, कारण बायपोलर असलेली माणसं हाच प्रश्न रात्र-रात्र स्वतःला विचारत असतात. उत्तर तुझ्याकडे आहे. तो तुला भेटला तेव्हा तू औषधावर होतीस, तुझी तब्येत स्थिर होती. त्याने जी बघितली ती तूच. लिथियमने तुझा विनोद किंवा माया बनवलेली नाही. आजार ज्या गोष्टी झाकून टाकतो त्या औषधाने झाकू दिल्या नाहीत, एवढंच.

त्याच्या पहिल्या दिवसाच्या वागण्यावरून निकाल लावू नकोस. जो लगेच मिठी मारून "मला काही फरक पडत नाही" म्हणतो त्याला कदाचित नीट कळलेलंच नसतं. जो गप्प होऊन घरी जातो तो दोन दिवसांनी वाचून, विचार करून चांगले प्रश्न घेऊन येऊ शकतो. पुढचे तीन-चार आठवडे बघ. तो माहिती मिळवतो का? मिळेल तो व्हिडिओ बघून घाबरण्यापेक्षा त्याला नीट काही ऐकायचं असेल तर मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि ठाण्याच्या आयपीएच या त्यांच्या संस्थेने मानसिक आजारांवर मराठीत भरपूर बोलून ठेवलंय, तिथून सुरुवात करू दे. तुझ्या पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे सोबत यायला तयार होतो का? तुला न विचारता मित्रांना सांगून बसत नाही ना? हे शेवटचं तू आधीच स्पष्ट सांग : "हे तुझ्या-माझ्यात ठेव. कोणाला सांगावंसं वाटलं तर आधी मला विचार."

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र तिथेच थांब. एक, "माझ्या प्रेमाने तू बरी होशील, गोळ्या सोड." असं म्हणणारा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी तुझ्यासाठी धोक्याचा आहे. त्याला डॉक्टरांसमोर बसव. त्यानंतरही तो हेच म्हणत राहिला तर साखरपुडा पुढे ढकल.

दुसरी गोष्ट सुरुवातीला दिसत नाही, हळूहळू येते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. "आज गोळी घेतलीस का?" हा प्रश्न. काळजीने विचारला तर ठीक आहे. पण बऱ्याच घरांत तो भांडणात येतो. भाजीत मीठ का कमी यावरून वाद झाला, गोळी घेतलीस का. सासूबाईंचं बोलणं तुला लागलं, गोळी घेतलीस का. तू नोकरी बदलायचं म्हणालीस, गोळी घेतलीस का. असं झालं की त्या बाईला राग यायची सोयच उरत नाही. तिचा आनंद उन्माद ठरतो, तिचं दुःख नैराश्य ठरतं, आणि तिचं बरोबर असलं तरी तिचं कोणी ऐकत नाही. आपला आजार सांगितल्याची किंमत अशी रोज थोडी थोडी मोजणाऱ्या बायका आहेत. मी तुला सांग म्हणते आहे, तेव्हा हा धोकाही तुझ्यासमोर ठेवणं माझं काम आहे.

यावर उपाय लग्नाआधीच करायचा. दोघांनी शांत बसून कागदावर लिहायचं की कोणत्या खुणा दिसल्या तर त्याने बोलायचं. तुझ्या पत्रावरूनच मला काही दिसतात : सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप आणि तरीही थकवा नाही, रात्री-अपरात्री फोन, नेहमीपेक्षा मोठे खर्च. उलट बाजूला, आंघोळ टाळणं, फोन न उचलणं, रजेवर रजा. या खुणांसाठी एक ठरावीक वाक्य ठेवा, जसं "आपण कागद बघूया का?" हे वाक्य भांडणात वापरायचं नाही, असा दोघांचा शब्द. कागदावरच्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर डॉक्टरांना फोन कोणी करायचा, तेव्हा कार्ड आणि बँकेचं अ‍ॅप कोणाकडे राहायचं, हेही त्याच कागदावर. आणि कागदाबाहेरचा राग हा राग आहे, तो आजार नाही, हेही तिथे शब्दांत लिहा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने याला आणखी बळ दिलंय. पुढे कधी तुझी निर्णय घेण्याची क्षमता कमी झाली, तर तुला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत हे तू आज लेखी ठरवून ठेवू शकतेस. तुझ्या वतीने बोलायला प्रतिनिधीही नेमू शकतेस, त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. आज तिथे आईचं नाव लिही. नवऱ्याचं लिहायचं की नाही ते पुढे बघशील, घाई नाही.

तो हो म्हणाला तर लग्नाच्या तयारीत एका गोष्टीवर दोघं अडून बसा, ती म्हणजे झोप. मेंदी, हळद, संगीत, पहाटेचा मुहूर्त, वरात, रात्रीचा प्रवास, अशी सलग चार दिवसांची जागरणं ठणठणीत माणसाला झेपतात, तुझ्यासाठी तीच आजाराला बोलावणं ठरू शकतात. संगीत रात्री दहाला संपवा, मुहूर्त सकाळी उशिराचा किंवा गोरजाचा घ्या, हळद आदल्या दिवशी दुपारी उरका. त्यात मे महिना. शालू नेसून मांडवात घाम गाळताना पाणी आणि मीठ दोन्ही अंगातून जातं आणि लिथियमची पातळी चढते. पाण्याची बाटली घेऊन करवलीला शेजारी बसव आणि लग्नाच्या आधी एकदा रक्त तपासून घे.

आणि तो नाही म्हणाला तर? त्याला तो हक्क आहे. नाही म्हणणारा प्रत्येक जण वाईट नसतो. कोणाच्या घरात आधीच एक आजारी माणूस असतं, कोणाची ताकद नसते. पण त्याच्या नकारावरून तू लग्नाला लायक नाहीस असा अर्थ काढू नकोस. चार वर्षं आजार सांभाळून नोकरी टिकवणारी बाई संसारही सांभाळू शकते. नकाराचे दिवस मात्र तुझ्या तब्येतीसाठी कठीण असतील, त्याची तयारी आधी करून ठेव. त्याच्याशी बोलायच्या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. ज्या मैत्रिणीला सगळं ठाऊक आहे तिला त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर राहायला बोलाव, निकाल काहीही लागो. गोळी आणि झोप त्या आठवड्यात चुकवायची नाही.

राहिला तिसरा प्रश्न, त्याच्या घरच्यांचा. त्याच्या आई-वडिलांना त्यानेच सांगायचं, तेही तुम्हा दोघांचं पक्कं झाल्यावर. तुझ्या आईने त्याच्या आईला फोन करून सांगू नये, आणि मधल्या नातेवाईकांना तर यात आणूच नये. मधला माणूस एकाचं दुसऱ्याला सांगताना मीठमसाला लावतो किंवा घाबरून अर्धं गाळतो. तुम्ही दोघांनी आधी ठरवा की किती सांगायचं. आजाराचं नाव, औषध चालू आहे, चार वर्षं बरी आहे, मुलाला सगळं माहीत आहे आणि त्याने विचार करून होकार दिलाय, एवढं त्यांना पुरेसं आहे. कॉलेजच्या दिवसांचे तपशील त्यांना देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. तो आई-वडिलांशी बोलायलाच तयार नसेल, "आपण दोघंच लपवू" म्हणत असेल, तर त्याला नीट विचार की भीती कशाची आहे. कारण मग तीच हरतालिका आणि तेच बंद दार, फक्त लपवणारे दोघं.

त्यांना डॉक्टरांना भेटायचं असेल तर भेट घालून दे, तू स्वतः खोलीत हजर राहून. २०१७ च्या त्याच कायद्याने तुझी माहिती गोपनीय आहे, तुझ्या परवानगीशिवाय डॉक्टर त्यांना काही सांगणार नाहीत. म्हणून भेटीच्या आधी डॉक्टरांना फोन करून काय सांगायचं आणि काय नाही ते तू स्वतः ठरवून दे.